भेदभावाविरुद्धचं काम, पगारी: शाळा, कॉलेज आणि कंपन्यांमध्ये समावेशनाचं करिअर कसं घडवावं

समाजकार्य, कायदा किंवा शिक्षणशास्त्र शिकणारी मुलं-मुली हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: भेदभावाविरुद्ध काम करायचंय, पण त्यावर घर चालेल का? चालतं. फक्त 'भेदभावविरोधी अधिकारी पाहिजे' अशी जाहिरात शोधत बसलात तर वर्ष निघून जाईल. आपल्याकडे हे काम दुसऱ्याच पदनामांखाली चालतं. कुठे ते विशेष शिक्षकाकडे असतं, कुठे समुपदेशकाकडे, कुठे एचआरमधल्या 'डी अँड आय' (विविधता आणि समावेशन) मॅनेजरकडे, तर कुठे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या पॉश समितीवरच्या बाहेरच्या सदस्याकडे. यातली बहुतेक पदं कुणाच्या चांगुलपणातून आलेली नाहीत. कायद्याने, न्यायालयाच्या निकालाने, आणि काही वेळा एखाद्या विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर उठलेल्या आवाजामुळे ती निर्माण झाली. म्हणून या क्षेत्रात यायचं असेल तर प्रेरणादायी व्याख्यानं नंतर ऐका, आधी कायदे वाचा. कोणत्या कायद्याने कोणती खुर्ची मांडली आहे हे ज्याला कळतं, त्याला नोकरी कुठे मागायची तेही कळतं.

पहिली पायरी: खुर्च्या कुठे आहेत ते पाहा

सर्वांत जास्त जागा लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने, म्हणजे २०१३च्या पॉश कायद्याने तयार केल्या आहेत. त्याचं मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७च्या विशाखा निकालात आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला हवी, निम्म्या तरी सदस्य महिला हव्यात आणि एक सदस्य संस्थेबाहेरचा हवा. हा बाहेरचा सदस्य महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला असावा लागतो. शाळा, दवाखाना, पतसंस्था, साखर कारखाना, सॉफ्टवेअर कंपनी, सगळ्यांना हे लागू आहे. पुण्या-मुंबईबाहेर जाणकार बाहेरचा सदस्य शोधताना संस्थांची दमछाक होते. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरा मोठा कायदा २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. त्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे. सरकारी नोकरीत ४ टक्के आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के आरक्षण आहे. खासगी कंपन्यांसाठीही प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण तयार करून जाहीर करावं, असं कलम २१ सांगतं. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने तर संपर्क अधिकारीही नेमायचा असतो. अनेक कंपन्यांना हे ठाऊकच नसतं. त्यांना ते सांगणारा माणूस म्हणजे तुम्ही.

यांच्या मागे काही लहान खुर्च्या आहेत. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९च्या कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी हवा. एचआयव्ही-एड्सविषयीच्या २०१७च्या कायद्यानुसार शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत, आणि आरोग्यसेवेत वीस माणसं असली तरी, तक्रार अधिकारी हवा. व्यवहारात ही सगळी पदं एकाच एचआर मॅनेजरच्या डोक्यावर असतात, आणि त्याला त्यातल्या दोन कायद्यांची नावं धड आठवत नाहीत.

विद्यापीठं आणि महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२चे समतेबाबतचे नियम आले. त्यांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद होती. कागदावर होती, असंच म्हणावं लागेल. जातीवरून भेदभाव झाल्याच्या आरोपांच्या पार्श्वभूमीवर जानेवारी २०१६मध्ये हैदराबाद विद्यापीठात संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला आणि मे २०१९मध्ये मुंबईत शिकाऊ डॉक्टर पायल तडवी यांचे मृत्यू झाले. दोघांच्या आया सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि त्यानंतर या नियमांकडे पुन्हा लक्ष गेलं. पुढे आयोगाने आणलेल्या नव्या नियमांवरून वाद आणि न्यायालयीन लढाई झाली आहे. त्यामुळे कॉलेजात काम करायचं असेल तर त्या दिवशी लागू असलेला मजकूर आयोगाच्या संकेतस्थळावरून स्वतः वाचा, कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅप सारांशावर विसंबू नका. महाराष्ट्रात सामाजिक न्याय विभागाच्या पुढाकाराने अनेक महाविद्यालयांत समान संधी केंद्रंही सुरू झाली. ती बरीचशी शिष्यवृत्तीच्या अर्जांत गुंतलेली असतात, पण सुरुवातीला उभं राहायला ती जागा वाईट नाही.

दुसरी पायरी: वाट निवडा, सगळ्या नको

'मी सर्व प्रकारच्या भेदभावावर काम करतो' असं म्हणणाऱ्याला कुणी कामावर घेत नाही. एका वाटेवर पाय रोवा, बाकीच्या ओळखीच्या ठेवा.

शाळेची वाट सर्वांत सरळ आणि सर्वांत कमी पगाराची. समावेशित शिक्षणात काम करायला डी.एड. किंवा बी.एड. विशेष शिक्षण हवं आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी. नोंदणी क्रमांक नसेल तर पदवी असूनही अर्ज बाजूला पडतो. मुंबईत वांद्र्याला श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, एसएनडीटी विद्यापीठात विशेष शिक्षणाचा विभाग आहे. प्रवेश घेण्यापूर्वी त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला परिषदेची चालू मान्यता आहे का हे परिषदेच्या यादीत बघाच. समग्र शिक्षा योजनेत तालुका पातळीवर विशेष शिक्षक आणि विषयतज्ज्ञ असतात. वर्षानुवर्षं कंत्राटी, आणि एकेका माणसाकडे कित्येक शाळा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये प्राथमिक वर्गांसाठी दहा आणि वरच्या वर्गांसाठी पंधरा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण सांगितलं. प्रत्यक्षातली दरी मोठी आहे, आणि कायम पदांसाठीचा रेटा याच निकालातून आला.

कंपन्यांची वाट एचआर, कायदा किंवा समाजकार्यातून जाते. तिला २०२२-२३पासून एक भक्कम आधार मिळाला. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना 'बीआरएसआर' नावाचा, व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल सक्तीचा केला. त्यात महिला आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांची संख्या, पुरुष आणि स्त्रियांच्या पगाराचा मध्यांक, कार्यालय दिव्यांगांना वापरता येतं का, समान संधी धोरण आहे का, लैंगिक छळाच्या किती तक्रारी आल्या, हे सगळं द्यावं लागतं. हे आकडे गोळा करणारा आणि त्यांचा अर्थ लावणारा माणूस कंपनीला लागतोच. कर्मचाऱ्यांची जातवार विभागणी मात्र यात विचारलेली नाही. कॉर्पोरेट समावेशनाच्या गप्पांत स्त्रिया, दिव्यांग आणि एलजीबीटीक्यू कर्मचारी असतात, आणि जातीचा विषय निघाला की खोलीतला एसी अचानक सगळ्यांना गार वाटू लागतो.

सुगम्यतेची वाट तांत्रिक आहे आणि आज मागणी तिलाच जास्त आहे. इमारती, संकेतस्थळं, अ‍ॅप्स दिव्यांग माणसाला वापरता येतात का हे तपासण्याचं हे काम. एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसी प्रक्रिया दिव्यांगांना वापरता आली पाहिजे असा निकाल दिला. त्यानंतर बँका, विमा कंपन्या, शेअर दलाल यांची धावपळ सुरू झाली. संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे डब्ल्यूसीएजी हे मार्गदर्शक निकष आणि आयएएपी या संस्थेची प्रमाणपत्रं, विशेषतः पायाभूत स्वरूपाचं सीपीएसीसी, या क्षेत्रात ओळखली जातात. संगणकाची पार्श्वभूमी असलेल्या दिव्यांग तरुणांना इथे खरीखुरी आघाडी आहे. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) रोज वापरणारा माणूस जे अडथळे दहा मिनिटांत दाखवतो, ते बाकीच्यांना शोधावे लागतात.

चौथी वाट संशोधन आणि प्रशिक्षणाची. टाटा समाजविज्ञान संस्थेतले समाजकार्याचे अभ्यासक्रम, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था, मुंबईचं निर्मला निकेतन, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातलं क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र, एसएनडीटीचं १९७४मध्ये सुरू झालेलं स्त्री अभ्यास संशोधन केंद्र, ही या वाटेवरची नेहमीची ठिकाणं. पुण्यातल्या बार्टीचा (डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था) समतादूत प्रकल्पही बघावा. मानधन बेताचंच, पण गावात जाऊन जातीबद्दल बोलायचं कसं हे तिथे शिकता येतं, आणि ते कुठल्याही वर्गखोलीत शिकता येत नाही.

तिसरी पायरी: पाहायला शिका

पदवी सगळ्यांकडे असते. पाहण्याची सवय थोड्यांकडे असते, आणि मुलाखतीत निवड होते ती तिच्या जोरावर. सुरुवात शाळेपासून करा. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन एक आठवडा एखाद्या शाळेत बसा. कुणाची मुलाखत घेऊ नका, मुलांचे फोटो तर मुळीच काढू नका. फक्त बघा आणि लिहा.

शिष्यवृत्तीची यादी कशी सांगितली जाते? वर्गात येऊन 'एससीची मुलं उभी राहा' असं म्हटलं जातं, की पालकांना वेगळा निरोप जातो? पहिली पद्धत कुणाला वाईट हेतूने सुचलेली नसते. गुरुजींना दुपारपर्यंत यादी द्यायची असते इतकंच. पण त्या दोन मिनिटांत सगळ्या वर्गाला कळतं कोण कोण आहे, आणि पुढची पाच वर्षं ते कुणी विसरत नाही. वर्ग कोण झाडतं? मुलीच का, आणि त्यातही ठरावीक मुलीच का? दुपारच्या आहाराची रांग आणि पंगत कशी बसते? शिजवणाऱ्या बाई कोणत्या वस्तीतल्या आहेत आणि त्यावरून कधी कुरबूर झाली का? पारधी, गोरमाटी, पावरी बोलणारं मूल पहिलीत काय बोलतं? की काहीच बोलत नाही, आणि म्हणून त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'मंद' असा शेरा येतो? आरटीईच्या २५ टक्क्यांतून खासगी शाळेत आलेलं मूल सहलीला जातं का? त्याच्या आईला पालकसभेचा निरोप कोणत्या भाषेत जातो? रॅम्प आहे, पण तो पायऱ्यांइतकाच उभा आहे का? अपंगांसाठीच्या शौचालयात खडू आणि जुनी बाकं भरून ठेवली आहेत का? (बहुतेक वेळा असतात.)

कंपनीत प्रश्न वेगळे, पद्धत तीच. नेमणुका ओळखीतून होतात का, आणि मग सगळ्या ओळखी एकाच शहरातल्या तीन कॉलेजांतून येतात का? मुलाखतीत आडनावावरून 'मूळ गाव कोणतं' पर्यंतचा प्रवास किती प्रश्नांत होतो? कॅन्टीनमध्ये डबा खाण्याच्या जागा वाटल्या गेल्या आहेत का? रात्री आठची मीटिंग कुणाला जमत नाही? आयआयटी मुंबईने २०२३मध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं की एकमेकांचा प्रवेशपरीक्षेतला क्रमांक विचारू नका, कारण त्यावरून प्रवर्ग काढला जातो. बाहेरून निरुपद्रवी दिसणारा प्रश्न आत काय काम करतो, हे ओळखण्याचं हे चांगलं उदाहरण आहे.

वंशावरून होणारा भेदही आपल्या शहरांत आहे. पुण्यात ईशान्य भारतातले आणि आफ्रिकी देशांतले हजारो विद्यार्थी शिकतात. ऑगस्ट २०१२मध्ये अफवांमुळे ईशान्येकडचे लोक पुणे आणि बंगळुरू सोडून रेल्वेगाड्यांत भरून निघाले होते. जानेवारी २०१४मध्ये दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या तरुणाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला आणि ईशान्येकडच्या लोकांच्या प्रश्नांवर बेझबरुआ समिती नेमली गेली. तिचा अहवाल या कामात येणाऱ्याने वाचायलाच हवा. पुण्यातल्या कॉलेजात काम मिळालं तर पहिल्याच महिन्यात विचारा: या मुलांना भाड्याने खोली मिळते का, आणि हाक कोणत्या नावाने मारली जाते?

चौथी पायरी: लिहिलेलं काहीतरी हातात ठेवा

आठवडाभर पाहिलेल्या गोष्टींचा सहा-आठ पानांचा अहवाल तयार करा. नावं, वर्ग, गाव ओळखू येईल असं काहीही नको. प्रत्येक निरीक्षणासोबत एकच बदल सुचवा, आणि तो शाळेला उद्यापासून फुकटात करता येईल असा असावा. शिष्यवृत्तीच्या यादीसाठी: याद्या पालकांच्या क्रमांकावर पाठवाव्यात, वर्गात वाचू नयेत. झाडलोटीसाठी: हजेरीपटाच्या क्रमाने सगळ्यांची पाळी लावावी, मुलगे धरून. बांधकामाच्या आणि निधीच्या मागण्या शेवटी वेगळ्या लिहा. अहवालाची पहिली प्रत मुख्याध्यापकांना द्या आणि त्यांच्याशी बोलून मगच तो नमुना म्हणून दाखवण्याची परवानगी घ्या.

असा एक अहवाल, दोन तासांच्या सत्राचा आराखडा आणि एखाद्या काल्पनिक तक्रारीवर लिहिलेला चौकशी अहवाल, एवढं जवळ असलं की प्रमाणपत्रांच्या फाइलपेक्षा जास्त वजन पडतं. शेवटचा भाग बहुतेक उमेदवार करत नाहीत. तक्रार काय होती, कोणते पुरावे पाहिले, दोन्ही बाजूंना बोलायची संधी कशी दिली, कोणत्या कारणाने कोणता निष्कर्ष काढला, हे साध्या मराठीत आणि साध्या इंग्रजीत लिहिता आलं पाहिजे. न्यायालयात समितीचे अहवाल टिकत नाहीत ते बहुतेकदा कारणं न लिहिल्यामुळे किंवा एका बाजूचं न ऐकल्यामुळे.

पाचवी पायरी: सत्र घ्यायला शिका, पण सत्रावर जगू नका

कंपन्यांना ८ मार्चच्या आसपास एक तासाचं सत्र हवं असतं, गुलाबाच्या फुलासकट. ते घ्या, पैसेही घ्या, पण एका तासात माणसं बदलली असं स्वतःला सांगू नका. जमलं तर दोन तास मागा, तीसपेक्षा जास्त माणसं घेऊ नका, आणि मॅनेजर मंडळींचं सत्र वेगळं ठेवा. साहेब समोर बसले की बाकीचे फक्त मान हलवतात.

एक नियम पक्का ठेवा: खोलीतल्या कुणालाही 'तुमचा अनुभव सांगा' असं म्हणायचं नाही. दलित सहकाऱ्याला, व्हीलचेअरवरच्या मुलीला सगळ्यांसमोर स्वतःचं दुःख मांडायला लावणं म्हणजे त्यांच्या जिवावर बाकीच्यांचं शिक्षण. त्याऐवजी त्या संस्थेतल्या कामाच्या पद्धतीवर बेतलेला एखादा प्रसंग द्या आणि गटांना निर्णय घ्यायला लावा. 'बढतीसाठी दोन नावं आहेत, एक नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून आली आहे, काय कराल आणि कागदावर काय लिहाल?' अशा प्रश्नावर खरी मतं बाहेर येतात.

'आता जात कुठे राहिलीय?' आणि 'मेरिटचं काय?' हे दोन प्रश्न येणारच. यावर इतिहास सांगायचा मोह होतो. १८४८ची भिडेवाड्यातली शाळा, शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२चा पन्नास टक्के जागांचा जाहीरनामा, आपल्याजवळ सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पण प्रश्न विचारणाऱ्याला ते आधीच पाठ असतं आणि जयंतीला तो त्यावर भाषणही करतो. त्याला त्याच्याच संस्थेच्या नोंदी दाखवा. मागच्या तीन वर्षांत किती जण ओळखीतून घेतले? हाउसकीपिंगला आणि सफाईला कंत्राटदाराची माणसं कुठल्या वस्तीतली आहेत? नेतृत्वाच्या यादीतली आडनावं एकदा मोठ्याने वाचा आणि गप्प बसा. वाद घालायची गरज उरत नाही. अर्थात, हे करण्यापूर्वी ज्यांनी तुम्हाला बोलावलं त्यांना सांगून ठेवा, नाहीतर पुढचं बोलावणं येत नाही.

सहावी पायरी: तक्रार आली तर काय करायचं

इथे घाई आणि मायाळूपणा दोन्ही महाग पडतात. तक्रार घेऊन आलेल्या व्यक्तीला 'मी बघतो, काही होणार नाही' असं वचन देऊ नका. प्रक्रिया काय आहे, किती दिवस लागतात, कोणाला काय कळेल, एवढं सांगा. पॉश कायद्यात तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत द्यायचा आणि मालकाने साठ दिवसांत कारवाई करायची. समेट घडवायचा तर तो फक्त तक्रारदार महिलेने मागितला तरच, आणि पैशाच्या बदल्यात कधीच नाही. तक्रारदार, आरोपी, साक्षीदार यांची नावं बाहेर फोडायला कायद्याने मनाई आहे. हे कलम कॅन्टीनमध्ये मोडलं जातं, म्हणून समितीच्या प्रत्येक सदस्याकडून गोपनीयतेवर सही घ्या.

शाळेत काम करणाऱ्यांनी पॉक्सो कायद्याचं कलम १९ तोंडपाठ ठेवावं. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती किंवा शंका असेल तर ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. 'आधी संस्थाचालकांना विचारतो' ही पळवाट कायद्यात नाही, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्रातल्या शाळांत २०२२पासून विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या स्थापन करण्याचे आदेश आहेत. तुमच्या शाळेत ती समिती भिंतीवरच्या फलकापुरती आहे की शेवटची बैठक झाल्याचं इतिवृत्त आहे, ते रुजू झाल्या झाल्या बघा.

जातीवाचक शिवीगाळ, अपमान किंवा धमकी असेल तर १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. अशा वेळी 'आपसात मिटवून टाका' असं सांगणारा समावेशन अधिकारी स्वतःच प्रश्नाचा भाग बनतो. पोलिसांत जाण्याचा हक्क तक्रारदाराला स्पष्ट शब्दांत सांगा, शक्य असेल तर लेखी, आणि निर्णय त्याच्यावर सोडा. कॉलेजच्या 'नावाला बट्टा लागेल' हे वाक्य तुम्हाला बऱ्याच वेळा ऐकायला लागेल. त्याचं उत्तर एकच: तक्रारी नोंदवल्या न जाणाऱ्या संस्थेत भेदभाव नसतो असं नाही, तिथे विश्वास नसतो.

पैशांचं बोलू

पॉश नियमांत बाहेरच्या सदस्याला चौकशीच्या दिवसाला दोनशे रुपये आणि प्रवासखर्च असा भत्ता लिहिलेला आहे. २०१३चे नियम, दोनशे रुपये. व्यवहारात बहुतेक सदस्य कंपनीशी वेगळा करार करतात आणि तो करण्यात संकोच बाळगू नये. करारात चार गोष्टी हव्यात: वर्षातल्या बैठकांची किमान संख्या, चौकशीचा दिवसाचा दर, अहवाल लिहिण्याच्या वेळेचे पैसे आणि करार मध्येच मोडण्याची अट. पहिल्या बैठकीपूर्वी सही व्हायला हवी, कारण तक्रार आल्यावर दराबद्दल बोलणं अवघड होतं.

एका बाबतीत मी कडक आहे. ज्या कंपनीच्या समितीवर तुम्ही बाहेरचे सदस्य आहात, त्याच कंपनीकडून वर्षभराच्या प्रशिक्षणाचं मोठं काम घेऊ नका. कायदा त्याला थेट मनाई करत नाही, आणि अनेक जण दोन्ही घेतात. पण संचालकाविरुद्ध तक्रार आली की तुमच्या निष्कर्षाकडे तक्रारदार कोणत्या नजरेने बघेल याचा विचार करा. बाहेरचा सदस्य नेमतात तो स्वतंत्र असावा म्हणूनच. स्वतंत्रपणा गेला की तो माणूस कंपनीच्या खर्चाने आणलेली शोभेची कुंडी.

सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत फक्त या कामावर अवलंबून न राहता दुसरी पक्की नोकरी धरून ठेवणं शहाणपणाचं. वकिली, शिक्षकी, एचआरमधलं साधं पद, काहीही. संस्थेत आधीपासून असलेला माणूस ही जबाबदारी मागून घेतो तेव्हा त्याला ती बाहेरच्यापेक्षा लवकर मिळते. तुमच्या शाळेतल्या किंवा कंपनीतल्या समितीत जागा रिकामी असेल तर आज अर्ज द्या. तिच्यासाठी कुणी रांगेत उभं नसतं.

नोकरीच्या मुलाखतीत तुम्ही काय विचारायचं

तुमची मुलाखत होईल तेव्हा तुम्हीही त्यांची घ्या. हे पद कोणाला उत्तर देतं? एचआरप्रमुखाला देत असेल तर एचआरविरुद्धच्या तक्रारीचं काय होईल? वर्षाला किती पैसे आहेत आणि ते कोण मंजूर करतं? नेमणूक, बढती, राजीनाम्याचे आकडे मला बघायला मिळतील का? आणि शेवटची तक्रार आली होती तेव्हा त्यानंतर संस्थेत नक्की काय बदललं? या शेवटच्या प्रश्नावर 'आमच्याकडे तक्रारच येत नाही' असं अभिमानाने सांगितलं गेलं, तर पगार चांगला असला तरी दोनदा विचार करा. आधीच्या माणसाने ही जागा का सोडली, तेही शक्य झाल्यास त्या माणसाकडूनच जाणून घ्या.

शोधताना पदनामं बदलून बघा: डीईआय (विविधता, समता, समावेशन), डी अँड आय, समान संधी, एम्प्लॉयी रिलेशन्स, ईएसजी (पर्यावरण, समाज, कारभार), सुगम्यता, समावेशित शिक्षण, विद्यार्थी कल्याण. सरकारी बाजूला जिल्हा परिषदेची समग्र शिक्षेची पदभरती आणि विद्यापीठांच्या जाहिराती.

परदेशात जायचं असेल तर

अमेरिकेच्या आशेवर या क्षेत्रात येऊ नका. जानेवारी २०२५मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांनी केंद्र सरकारातले डीईआय कार्यक्रम बंद झाले, पाठोपाठ अनेक कंपन्यांनी आणि विद्यापीठांनी आपली पदं कमी केली किंवा नावं बदलली. जातीच्या प्रश्नावर मात्र तिथे मराठी आणि एकूणच भारतीय माणसांच्या जाणकारीला जागा आहे. कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने जानेवारी २०२२मध्ये आपल्या धोरणात जातीचा समावेश केला. सिअ‍ॅटल फेब्रुवारी २०२३मध्ये जातीभेदावर बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तसंच राज्यव्यापी विधेयक मात्र परत पाठवलं.

ब्रिटनमध्ये पाया जास्त स्थिर आहे. तिथल्या २०१०च्या समानता कायद्यात वंशासह नऊ वैशिष्ट्यांना संरक्षण आहे, आणि सरकारी शाळांसकट सार्वजनिक संस्थांनी समानतेची उद्दिष्टं ठरवून किमान दर चार वर्षांनी प्रसिद्ध करावी लागतात. त्यामुळे नगरपालिका, आरोग्यसेवा, विद्यापीठं यांच्यात ही पदं टिकून आहेत. जात त्या कायद्यात स्वतंत्र संरक्षित वैशिष्ट्य म्हणून आलेली नाही, पण २०१४च्या तिर्की खटल्यात जातीवरून झालेला भेद वांशिक मूळ या सदरात बसू शकतो असं ठरलं. कॅनडात रोजगार समतेचा कायदा १९८६पासून आहे. बँका, दूरसंचार, वाहतूक अशा केंद्राच्या अखत्यारीतल्या क्षेत्रांत नोकरी शोधणाऱ्यांनी तो वाचावा. टोरांटोच्या शाळा मंडळाने मार्च २०२३मध्ये जातीभेदाचा प्रश्न मान्य करणारा ठराव केला, तिथल्या शाळांत हा विषय समजणारी माणसं थोडी आहेत.

इथे केलेल्या कामाची भाषांतरित यादी तिकडे उपयोगी पडत नाही. चौकशीचे अहवाल, धोरणाचे मसुदे, आकड्यांवरून काढलेले निष्कर्ष, हे सगळीकडे वाचले जातात.

तुम्ही कोण आहात, यावरून काम बदलतं

दलित, आदिवासी, मुस्लिम, दिव्यांग किंवा क्वीअर माणूस या पदावर बसला की संस्था त्याला त्या प्रश्नाचा चेहरा बनवते. प्रत्येक पोस्टरवर तो, प्रत्येक पाहुण्यासमोर तो, आणि प्रत्येक वादात 'तुम्हाला तर असं वाटणारच' हे ऐकणारा तोच. रुजू होतानाच सांगा की निर्णयांवर विभागप्रमुखाची सही असेल, फक्त तुमची नाही. तक्रारी ऐकणं आणि स्वतःच्या आयुष्यातलं ऐकून घेणारं कुणी असणं, या दोन्ही गोष्टी हव्यात, म्हणून संस्थेबाहेर याच कामातले चार-पाच लोक जोडा आणि महिन्यातून एकदा भेटा.

सवर्ण, धडधाकट पुरुष या कामात आला तर त्याचं ऐकलं लवकर जातं. ते वापरावं. बैठकीत अवघड वाक्य त्याने बोलावं, आणि समितीवर, मंचावर, शोधनिबंधावर नाव द्यायची वेळ आली की पलीकडच्याला पुढे करावं. हे सौजन्य म्हणून नव्हे, कामाच्या वाटणीत लिहून घ्यावं.

आणि पहिल्या वर्षात फार मोठी धोरणं लिहायला घेऊ नका. एका शाळेतली शिष्यवृत्तीची यादी वर्गात वाचणं बंद करा, एका कंपनीच्या नोकरीच्या अर्जातला वडिलांच्या व्यवसायाचा रकाना काढून टाका, एका कॉलेजातल्या शौचालयातली जुनी बाकं हलवा. मग दुसऱ्या संस्थेत जाताना विचारलं जाईल की तुम्ही केलं काय, तेव्हा तारखेसकट सांगता येईल.